दमा आहे म्हणून पोराला बाकावर बसवू नका

बालदमा निघाला की आपल्याकडे पहिलं काय होतं तर पोराचं खेळणं बंद. पीटीच्या सरांना चिठ्ठी जाते आणि पोरगं मैदानाच्या कडेला. आईबापांची काळजी कळते हो, पण बसून बसून स्टॅमिना जातो, मग दोन जिने चढले तरी धाप लागते आणि घरच्यांना वाटतं दमाच वाढला.

पळाल्यावर छाती का भरते? एरवी नाकातून जाणारी हवा वाटेतच गरम आणि ओली होते, पण जोरात पळताना आपण तोंडाने श्वास घ्यायला लागतो, मग कोरडी हवा थेट आत जाते, श्वासनलिकांचं अस्तर सुकतं, तिथल्या पेशी हिस्टामिन, ल्युकोट्राइन असली रसायनं सोडतात आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. बऱ्याचदा हे पळताना होतच नाही, थांबल्यावर होतं, साधारण 5 ते 15 मिनिटांत सगळ्यात जास्त. साधी धाप थांबलं की ओसरते, ही उलट वाढते, सोबत खोकला आणि छातीत शिट्टी. हे सरांनाही सांगून ठेवा.

खेळाखेळातही फरक आहे. थंडीत सकाळी सलग लांब पळणं सगळ्यात त्रासाचं. खो-खोमध्ये मात्र जरा पळायचं, जरा बसायचं, ते सहसा झेपतं. पोहणंही चांगलं, पाण्यावरची हवा दमट असते, फक्त बंदिस्त टँकमधला क्लोरीनचा वास काहींना सोसत नाही. आणि आधी दहा-पंधरा मिनिटं वॉर्मअप कराच, त्याने बऱ्याच मुलांच्या नळ्या पुढे तास-दोन तास कमी आवळतात.

1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या 597 खेळाडूंपैकी 67 जणांना हाच त्रास होता आणि त्यांनी 41 पदकं आणली! अर्थात व्यायामाने दमा बरा होत नाही, स्टॅमिना वाढतो, आणि रोजचं औषध चालूच ठेवायचं.

पंपाची सवय लागते ही भीती तर डोक्यातून काढाच. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर साल्ब्युटामॉलचा, म्हणजे आवळलेल्या नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा पंप खेळायच्या 10-15 मिनिटं आधी, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्यायचा, आणि तो दप्तरात नाही, मैदानावर हाताशी पाहिजे. पण रोजच खेळायच्या आधी तो लागतोय, किंवा घेऊनही शिट्टी वाजतेय, तर नळ्यांची सूज आटोक्यात नाहीये, अशा वेळी खेळ बंद करण्याऐवजी डॉक्टरांकडे जाऊन रोजचं औषध आणि पंप ओढायची पद्धत दोन्ही तपासून घ्या.