एकसमान गतीची खरी कसोटी

टिकटिक करणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळाचा सेकंदकाटा दर सेकंदाला बरोबर 6 अंश सरकतो. मग त्याची गती एकसमान झाली का? समान वेळात समान अंतर, एवढंच बघितलं तर झाली. पण काटा नीट पाहा. तो एका झटक्यात पुढे येतो आणि सेकंदाचा बराचसा भाग जागेवर थांबून राहतो. सेकंदाचे आणखी तुकडे करून मोजलं, तर काही तुकड्यांत सगळे 6 अंश आणि बाकीच्यांत शून्य. ही गती नैकसमान आहे.

ही पळवाट गॅलिलिओने बंद केली. 1638 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने जुन्या व्याख्येला एक अट जोडली: समान कालखंड कोणतेही घ्या, कितीही छोटे घ्या, त्यांत कापलेली अंतरं समानच भरली पाहिजेत. गतीच्या अभ्यासात मला ही अट फार मोलाची वाटते, कारण नुसत्या सरासरीवर विसंबलं की खरी हालचाल झाकली जाते.

उसेन बोल्टने 2009 मध्ये बर्लिनला 100 मीटर 9.58 सेकंदांत पार केले. सरासरी चाल सेकंदाला सुमारे 10.4 मीटर. प्रत्यक्षात पहिल्या 10 मीटरना 1.89 सेकंद लागले, तर 60 ते 70 मीटर हा टप्पा 0.81 सेकंदात संपला. शेवटच्या 50 मीटरमधला प्रत्येक टप्पा 0.81 ते 0.83 सेकंदांचा, म्हणजे जवळपास एकसमान. तरीही पाऊल जमिनीला टेकताना वेग किंचित कमी होतो आणि रेटा देताना वाढतो. गॅलिलिओची अट इथेही पुरी होत नाही.

दिशाही विसरून चालत नाही. वर्तुळात ठरावीक चालीने फिरणाऱ्या वस्तूची दिशा क्षणोक्षणी बदलते, आणि वेगात चालीबरोबर दिशाही धरली जाते, म्हणून तिचा वेगही बदलत राहतो.

मग खरी एकसमान गती असते कुठे? जिथे एकूण बल शून्य असतं तिथे. याचा अर्थ बलं नसतातच असा नाही. पावसाचा थेंब सुरुवातीला गुरुत्वाकर्षणाने वेग घेतो, पण वेगाबरोबर हवेचा रोधही वाढतो. दोन्ही बलं तुल्यबळ झाली, की वारा नसेल तर थेंब जवळपास एकसमान गतीने खाली येतो. मोठे थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटरने. हवा नसती, तर 2 किलोमीटरवरून निघालेला थेंब सेकंदाला जवळजवळ 200 मीटर वेगाने जमिनीवर आदळला असता.