इमर्जन्सीतली प्रतीक्षा: पडद्यावरचा आकडा आला कुठून?

बँकेत ४१ नंतर ४२ नंबरच लागतो. इमर्जन्सी विभागात ४२ ला बसवून ५७ ला आत घेतात आणि बाहेरच्यांना त्याचं कारण कळत नाही. टोकनचं यंत्र इथे जसंच्या तसं आणून बसवलं की भांडणं वाढतात, ती यामुळे. म्हणून काही रुग्णालयं नंबराऐवजी अजून किती वेळ लागेल याचा अंदाज पडद्यावर दाखवतात.

रांग बाजूला ठेवून निकड पाहण्याची पद्धत रणांगणावरून आली. नेपोलियनच्या सैन्यातले शल्यचिकित्सक दोमिनिक लारे जखमींचा क्रम हुद्द्यावरून न लावता जखमेवरून लावत. या निवडीला मिनिटांची मर्यादा अनेक ठिकाणी लागू लागली ती १९९० च्या दशकात. मँचेस्टर ट्रायज या निकडीनुसार रुग्णाला रंग देण्याच्या ब्रिटिश पद्धतीत लाल म्हणजे तत्काळ, केशरी १० मिनिटं, पिवळा ६०, हिरवा १२०, निळा २४०. ही मर्यादा डॉक्टरांनी तपासायला घेईपर्यंतची आहे. रक्ताचे रिपोर्ट, सीटी, वॉर्डात खाट मिळणं, हे सगळं त्यानंतरचं. पाटीवर ‘६० मिनिटं’ वाचणारा मात्र तासाभरात घरी जायच्या हिशेबाने बसतो.

पुढे इंग्लंडने पूर्ण मुक्कामच मोजायला घेतला. ९८ टक्के रुग्ण ४ तासांच्या आत दाखल, दुसरीकडे रवाना किंवा मोकळे व्हायला हवेत, असं लक्ष्य ठरलं. २०१० मध्ये ते ९५ टक्क्यांवर आणलं. त्यासाठी येण्या-जाण्याच्या वेळा संगणकात नोंदवणं भाग पडलं. त्या नोंदींत ४ तास भरायच्या आधीच्या शेवटच्या मिनिटांत रवानगीची लाट दिसली, यात नवल नाही.

एवढी मोजदाद झाली तरी आकडे कर्मचाऱ्यांच्याच पडद्यावर राहिले. २०११ मध्ये ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलच्या प्रकल्पात पिअर्सनलॉइड या संस्थेने नोंदणी, तपासणी, उपचार, पुढचा निर्णय हे टप्पे सांगणाऱ्या, भिंतींवर लावायच्या उभ्या पाट्या आखल्या. साउदॅम्प्टन आणि लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांतल्या चाचणीत धमकावणीचं वागणं निम्म्याने घटलं. या प्रकल्पातला मोठा भाग साध्या छापील पाट्यांचा होता, हे पडदे विकणारे सहसा सांगत नाहीत.

थेट प्रतीक्षा-वेळ दाखवायची सोपी रीत म्हणजे नुकत्याच आत गेलेल्या रुग्णांची सरासरी. ती मागे रेंगाळते. संध्याकाळी अपघातातले चार जखमी एकदम आले तरी पडदा जुनीच ४० मिनिटं दाखवतो; गर्दी ओसरली की उलट फुगलेला आकडा टिकून राहतो. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी थांबलेल्यांची संख्या, त्यांची निकड आणि दिवसाची वेळ यांसारख्या घटकांवरून अंदाज बांधणारी पद्धत मांडली. कॅलिफोर्नियातल्या सॅन मातेओच्या रुग्णालयात ती वापरलीही. तिचा अंदाज सरासरीपेक्षा बराच नेमका ठरला.

तरी नोंद चुकली की गणितही चुकतं. डॉक्टर रुग्णाला आधी पाहतात आणि नाव संगणकात नंतर उघडतात, म्हणजे प्रत्यक्षात २० मिनिटं थांबलेला माणूस नोंदीत ४५ मिनिटं थांबलेला दिसतो. घड्याळ दारातून सुरू होतं की केसपेपर निघाल्यावर, हेही आधी ठरवावं लागतं. एकच आकडा देण्यापेक्षा ‘४० ते ९०’ असा पल्ला द्यावा. सांगितल्यापेक्षा जास्त थांबावं लागलं की राग जास्त येतो. शेजारीच ‘छातीत दुखू लागलं, श्वास लागला तर लगेच नर्सला सांगा’ ही ओळ ठळक हवी, कारण मोठा आकडा पाहून खरा आजारीही उठून जातो. आपल्याकडे केसपेपरच्या खिडकीशी नातेवाईक उभा असतो आणि रुग्ण ट्रॉलीवर, म्हणून एसएमएस नातेवाइकाच्या नंबरवर गेलेला बरा.