तीव्र उतारासाठी एटीव्ही निवडताना: इंजिन ब्रेकिंग कोणत्या चाकांपर्यंत पोचते?

एटीव्ही (खडबडीत वाटांवर चालणारी, हँडलची चारचाकी गाडी) घेताना गिऱ्हाईक आधी सीसी विचारते, मग ती किती चढ चढेल ते. चढावर दम संपला तर गाडी निदान थांबते. उतारावर तिला आवरणार कोण, हे मात्र पैसे मोजण्याआधीच बघायला हवे. ते काम मुख्यतः इंजिन ब्रेकिंगचे, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिनच्याच अटकावाने चाके आवरण्याचे.

थोडा हिशेब करू. 330 किलोची गाडी, 75 किलोचा चालक आणि 15 किलो सामान मिळून 420 किलो होतात. 25 अंशांच्या उतारावर हे सगळे सुमारे 1,740 न्यूटन बलाने खाली ओढले जाते. दोन आसांमधले अंतर 1.28 मीटर आणि चालकासह गुरुत्वमध्याची उंची 70 सेंटिमीटर धरली, तर सपाटीवर निम्मे-निम्मे असलेले वजन इथे पुढच्या चाकांवर 75 टक्के आणि मागच्या चाकांवर जेमतेम 25 टक्के पडते. सुट्या मुरमावर घर्षणगुणांक (पकडीचे माप) 0.5 मानला, तर मागची दोन चाके फार तर 460 न्यूटन रोखतील आणि चारही मिळून सुमारे 1,870. म्हणजे चार चाकांनी कसेबसे भागते, मागच्या दोघांनी मुळीच नाही. चालक 20 सेंटिमीटर मागे सरकला तरी मागच्या चाकांवरचा भार एकूण वजनाच्या तीनेक टक्क्यांनीच वाढतो. सरकायचे जरूर, पण त्या भरवशावर राहायचे नाही.

आता गिअरबॉक्स. बहुतेक एटीव्हींत सीव्हीटी असते, म्हणजे दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारा पट्टा. साध्या सीव्हीटीत थ्रॉटलवरचा अंगठा उचलला की आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) उतरतो, इंजिनकडची पुली उघडते, पट्टा सैल पडतो आणि चाकांचा इंजिनशी संबंध तुटतो. ऐन उतारावर गाडी मोकळी सुटते. यावरचा उपाय म्हणजे एकाच दिशेने मोकळा फिरणारा क्लच. सायकलच्या फ्रीव्हीलचे काम तो उलट्या बाजूने करतो: चाके इंजिनला मागे टाकू लागली की अडकतो आणि इंजिनलाच फिरायला लावतो. यामाहाच्या अल्ट्रामॅटिकमध्ये तो असतो, शिवाय पट्टा कायम ताणलेला राहतो. होंडाच्या फोरमन, रँचरसारख्या गाड्यांत पट्टाच नसतो, दातेरी गिअर असतात. इंजिन ब्रेकिंग त्यांच्या रचनेतच आले. मात्र पायाने गिअर टाकताना लिव्हर दाबून धरला तर तेवढा वेळ क्लच सुटलेला असतो. उतारावर ही सवय नडते.

एवढ्यावर काम संपत नाही, आणि जाहिरातीत नेमकी हीच गोष्ट झाकलेली राहते. ‘फोर व्हील ड्राइव्ह’ लिहिले म्हणजे पुढची चाकेही इंजिनला बांधलेली असतात असे नाही. पोलारिसच्या नेहमीच्या ऑन-डिमांड पद्धतीत मागची चाके जागेवर फिरू लागली तरच पुढची जोडली जातात. उतरताना मागची चाके उलट मंदावलेली असतात, त्यामुळे पुढची मोकळीच राहतात. म्हणूनच काही मॉडेलांत अ‍ॅक्टिव्ह डिसेंट कंट्रोल वेगळे दिले आहे. ते चालू असले की कमी वेगात, थ्रॉटल बंद असताना पुढच्या चाकांनाही इंजिनचा अटकाव लागतो. विक्रेत्याला नेमके विचारा: थ्रॉटल सोडल्यावर इंजिन ब्रेकिंग चारही चाकांना मिळते का? ‘आहे ना, आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. हलक्या उतारावर लो रेंजमध्ये (कमी वेगाच्या, जास्त ओढीच्या गिअरमध्ये), फोर व्हील लावून, ब्रेकला हात न लावता गाडी सोडून बघा. वेग एका ठिकाणी स्थिरावला तर ठीक. वाढतच गेला तर दुसरी गाडी बघा.

लो रेंज हवीच. ती उतार लागण्याआधी, गाडी पूर्ण थांबवून टाकायची. मधल्या वाटेवर लिव्हर हलवला तर गाडी न्यूट्रलमध्ये अडकू शकते. पुढचा डिफरेन्शियल लॉक (पुढची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरायला लावणारा) पकड वाढवतो, पण हँडल जड करतो. वळणाच्या उतारावर तो त्रासदायकच.

ब्रेकांवर सगळा भार टाकला तर काय होते? त्याच उतारावर 100 मीटर अंतरात 174 किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. एकेक किलोच्या तीन पोलादी डिस्क धरल्या तर थंड व्हायला वाव न मिळता त्यांचे तापमान शंभरेक अंशांनी वाढेल. लांब उतारावर ब्रेक फ्लुइड उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर हँडलला टेकतो. फ्लुइड जुने, ओलावा शोषलेले असेल तर हे लवकर होते. चिखलाने भिजलेले पॅड हा वेगळाच ताप.

आपल्याकडे रिसॉर्टांवर दिसणाऱ्या 110 सीसीच्या छोट्या एटीव्हींत बहुधा चेन, मागचा एकसंध आस आणि सेंट्रिफ्यूगल (इंजिनच्या वेगानुसार आपोआप जोडला जाणारा) क्लच असतो. आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन नुसते चालू असताना, क्लच सुटतो, पुढच्या चाकांना ड्राइव्ह नसते. सपाट ट्रॅकवर मजा येते, घाटउतारावर त्या नेऊ नयेत.

उतरताना नाक सरळ खाली ठेवा. मागचा भाग आडवा होऊ लागला तर मागचा ब्रेक सोडा, हँडल उताराच्या दिशेला वळवा आणि पुढचा ब्रेक हलक्या हाताने, टप्प्याटप्प्याने लावा. जड सामान पुढच्या रॅकवर नको. टायरमधली हवा स्टिकरवर लिहिल्याइतकीच, साधारण 5 पीएसआय. गेजही कमी दाबाचा वापरा, मोटारीच्या गेजवर एवढा फरक कळतच नाही.

जुनी गाडी घेत असाल तर सीव्हीटीचे झाकण उघडून पट्ट्याची रुंदी मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. झिजलेला किंवा भिजलेला पट्टा घसरतो, आणि तो घसरला की चांगल्या गाडीचेही इंजिन ब्रेकिंग हरवते. पुल्यांवर चिखलाचा थर दिसला तर आत पाणी शिरून गेले आहे असे समजा.