पुएब्लाच्या भांड्यांचा पांढरा रंग येतो कुठून?

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराची 'तालावेरा' भांडी घडवण्याची कारागिरी २०१९ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. तेव्हापासून या निळ्या-पांढऱ्या बश्या-बरण्यांचे फोटो बरेच फिरतात आणि खाली कोणीतरी हटकून लिहितं, 'काय सुंदर चिनी माती आहे!' चिनी मातीचा तिथे संबंध नाही. टवका उडालेली एखादी जुनी बशी काठाशी नीट बघा. आत विटकरी-भुरकट माती दिसते, साध्या कुंडीसारखीच. पांढरा असतो तो वरचा थर, मिलिमीटरभरही जाड नसलेला.

खऱ्या चिनी मातीला, म्हणजे पोर्सेलिनला, केओलिन ही भाजल्यावर पांढरीच राहणारी माती लागते आणि १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापणारी भट्टी लागते. युरोपला ते गुपित अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उलगडलं नव्हतं. पुएब्लाच्या भट्ट्या हजार-अकराशे अंशांच्या, मातीही रंगीत. हाच पेच नवव्या शतकात इराकमधल्या बसऱ्याच्या कुंभारांपुढे होता. चिनी भांडी पाहून त्यांनाही पांढरं हवं होतं आणि माती तशी नव्हती. त्यांनी माती बदलायचा नाद सोडला आणि झिलई बदलली. झिलईत कथील घालायची ती युक्ती उत्तर आफ्रिकेतून मुसलमानी अंमलाखालच्या स्पेनमध्ये गेली. १५३१ मध्ये स्पॅनिश लोकांनी पुएब्ला वसवलं, त्यानंतर त्याच शतकात स्पेनमधले कुंभार ती युक्ती घेऊन अटलांटिक ओलांडून तिथे आले. शेजारच्या चोलुलात देशी कुंभारांची घोटून चकचकीत केलेली रंगीत भांडी पूर्वीपासून होत होती, पण चाक आणि शिशाची झिलई तिथे नव्हती.

आता माझ्या आवडीचा भाग. झिलई म्हणजे भांड्यावर वितळवलेली काच. काच वाळूची, पण निव्वळ वाळू वितळवायला सतराशे अंशांच्या घरात जावं लागतं. शिशाचं ऑक्साइड मिसळलं की हे काम हजार अंशांच्या आत उरकतं. मात्र होणारी काच पारदर्शक असते, खालची लाल माती तशीच दिसत राहते. म्हणून कथील. कल्हईवाला वापरतो तोच धातू, फक्त इथे त्याचं ऑक्साइड लागतं. शिसं आणि कथील एकत्र वितळवून हवेत तापवत ठेवलं की वर पिवळट भुकटीची साय धरते. ती ओढून काढायची, पुन्हा धरू द्यायची. ही भुकटी वाळूबरोबर दळून पाण्यात कालवली की झिलई तयार.

भट्टीत बाकी सगळं वितळतं, कथिलाचं ऑक्साइड मात्र वितळत नाही. त्याला सोळाशेच्या वर तापमान हवं. थोडं विरघळतं, पण पुन्हा बारीक स्फटिक होऊन बाहेर पडतं. थंड झालेल्या काचेत असे अगणित स्फटिक अडकून राहतात. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, दीडच्या थोडा वर, या स्फटिकांचा दोनच्या आसपास. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकात जितका फरक, तितका सीमेवर प्रकाश जास्त वळतो. एक किरण आत शिरला की एका स्फटिकावरून दुसऱ्यावर आपटत फिरतो आणि मातीपर्यंत पोचण्याआधीच बाहेर फेकला जातो. दूध पांढरं दिसतं ते असंच, तिथे हे काम स्निग्धाचे थेंब आणि केसीन या प्रथिनाचे कण करतात.

कणांचा आकारही नेमका लागतो. फार बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून आकाश निळं. मोठे कण तेवढ्याच वजनात संख्येने कमी पडतात. प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे, मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतके कण असले की सगळे रंग जवळजवळ सारखे विखुरतात आणि शेकडा पाच ते दहा भाग कथील पुरतं. थोडक्यात, झिलईत पांढरा रंग घातलेलाच नसतो.

निळ्याचं गणित वेगळं. कोबाल्टचा आयन काचेत चार ऑक्सिजनच्या घेऱ्यात बसला की त्याच्या डी-कक्षकांची ऊर्जापातळी अशी दुभंगते की पिवळा, नारिंगी आणि तांबडा प्रकाश शोषला जातो आणि निळा उरतो. हे वाक्य डोक्यावरून गेलं तरी चालेल. शेकडा अर्धा भाग कोबाल्टही गडद निळा देतो, एवढं ध्यानात ठेवा. हा रंग कच्च्या, पिठूळ झिलईवर कुंचल्याने लावतात. पिठी पाणी तत्क्षणी पिऊन टाकते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. कारागिराचा हात कुठे थबकला, तिथे निळा ठिपका जाड होतो.

या निळ्या-पांढऱ्याची मागणी वाढवली ती मनिलाच्या जहाजांनी. १५६५ ते १८१५ या काळात ती चिनी माल मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आकापुल्कोला आणत आणि तिथून पूर्व किनाऱ्यावरच्या व्हेराक्रुझच्या वाटेवर पुएब्ला लागे. तिथल्या कुंभारसंघाने १६५३ मध्ये नियम केले. पुढे त्यांत उत्तम माल चिनी मालाच्या नकलेचा असावा, असंही आलं. अरबी युक्ती, स्पॅनिश चाक, चिनी नक्षी आणि मेक्सिकोची माती, म्हणून सगळे याला संस्कृतींचा संगम म्हणतात. खरं आहे, पण त्याच नियमांत कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय माणसाला उस्तादीच्या परीक्षेला बसायला बंदी होती. संगम भांड्यावर झाला, संघाच्या वहीत नाही. मनिलाच्या त्याच जहाजांतून माणसंही विकायला येत. मीरा नावाची, चाच्यांनी पळवलेली एक हिंदी मुलगी कोचीन-मनिलामार्गे पुएब्लात गुलाम म्हणून पोचली आणि 'कातारिना दे सान हुआन' म्हणून १६८८ मध्ये तिथेच वारली.

एक अंधविश्वास जाता जाता. हिरवट चिनी भांड्यात विषारी अन्न वाढलं की भांडं तडकतं किंवा रंग बदलतं, असं तुर्की सुलतानांपासून आपल्याकडच्या दरबारांपर्यंत मानत. भांड्याला विष ओळखता येत नाही. उलट नीट न भाजलेली शिशाची झिलई स्वतःच विष देते. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांच्या आम्लात शिसं उतरतं आणि मेक्सिकोत अशा भांड्यांमुळे मुलांच्या रक्तात शिसं वाढल्याचं वारंवार दिसलं आहे. म्हणून 'नैसर्गिक, केमिकल-फ्री मातीची भांडी' अशी चकचकीत जाहिरात दिसली की आधी विचारा, झिलईत शिसं आहे का?

कथील महाग, म्हणून आता कारखान्यांत त्याच्या जागी बहुतेक झिरकॉन नावाचं खनिज वापरतात. न्हाणीघरातल्या पांढऱ्या टाइलमध्ये हाच झिरकॉन असतो आणि आपल्याकडे तो केरळच्या चवरासारख्या किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूतून काढतात. त्याचा अपवर्तनांक कथिलाच्या ऑक्साइडपेक्षा जरासा कमी, म्हणून तेवढंच झाकायला तो जास्त घालावा लागतो. तरी स्वस्तच पडतो.