जड ट्रेलर ओढायला पेट्रोल की डिझेल? अमेरिकी पिकअपच्या वादाची पार्श्वभूमी

पाच-सहा टनांचं फिरतं घर किंवा घोड्यांचा ट्रेलर पिकअपमागे जोडून अमेरिका पालथी घालणाऱ्यांना गाडी घेताना पहिला प्रश्न पडतो तो इंजिनाचा. डिझेलसाठी आज साधारण दहा हजार डॉलर जास्त मोजावे लागतात. हे पैसे मोजणारे बरेच जण जुन्या डिझेलच्या कीर्तीवर भरवसा ठेवून मोजतात, आणि ते जुनं डिझेल आता शोरूममध्ये मिळत नाही. हे कसं झालं ते समजल्याशिवाय निवड नीट करता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सत्तरच्या दशकात जड ओझं ओढायचं तर मोठं पेट्रोल व्ही-8 (दोन तिरक्या ओळींत आठ सिलिंडर असलेलं इंजिन) घ्यायचं, यात कुणाला शंका नव्हती. शेव्हरोलेचं 454 घनइंची आणि फोर्डचं 460 घनइंची, म्हणजे साडेसात लिटरच्या आसपासची धुडं. ओढायची झकास, पण पेट्रोल ढोसायची. 1973च्या तेलटंचाईनंतर ते परवडेना. जनरल मोटर्सनं 1978मध्ये ओल्ड्समोबिलचं 5.7 लिटरचं डिझेल घाईनं बाजारात आणलं. कारखान्यातली यंत्रसामग्री तीच वापरता यावी म्हणून मापं पेट्रोल इंजिनाचीच ठेवली. ब्लॉक जाड केला, पण सिलिंडर हेड आवळणाऱ्या बोल्टची मांडणी बदलली नाही. डिझेलमधला दाब कितीतरी जास्त. बोल्ट ताणले जायचे आणि हेड गास्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) उडायचं. इंधनातलं पाणी वेगळं करणारा फिल्टरही दिला नव्हता. 1985पर्यंत हे इंजिन बंद झालं, पण डिझेलचं नाव खराब करून गेलं.

1982चं जीएमचं (जनरल मोटर्सचं) 6.2 लिटरचं आणि 1983मध्ये फोर्डनं इंटरनॅशनल हार्वेस्टरकडून घेतलेलं 6.9 ही इंजिनं बरी निघाली. इंधन वाचायचं, पण टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसल्यानं चढावर धापा टाकायची.

खरी कलाटणी 1989ची. डॉजचा पिकअप तेव्हा विक्रीत मागे पडलेला होता. त्यात कंपनीनं कमिन्सचं 5.9 लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं टर्बो डिझेल बसवलं. बी-सीरिजचं हे इंजिन मुळात ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांसाठी, केस कंपनीच्या भागीदारीत तयार झालेलं. वजन साडेचारशे किलोच्या आसपास. अश्वशक्ती फक्त 160, पण टॉर्क (ओझं ओढणारा पिळाचा जोर) 400 पौंड-फूट, आणि तोही मिनिटाला सतराशेच्या आतबाहेर फेऱ्यांना. म्हणजे इंजिन न किंचाळता, वरच्या गिअरमध्ये ओझं चढ चढायचं. इंधनपंप यांत्रिक, इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नाहीच. लाखो मैल चालणारं डिझेल ही ख्याती इथून सुरू झाली. याच कुळातली इंजिनं पुढे टाटा-कमिन्सनं आपल्याकडे बनवली आणि ती टाटांच्या ट्रकांत बसली. हा आवाज आपल्या कानांना ओळखीचा आहे.

मग चढाओढ लागली. 1994मध्ये फोर्डचं 7.3 पॉवरस्ट्रोक, 2001मध्ये जीएम आणि इसुझूचं 6.6 ड्युरामॅक्स, 300 अश्वशक्ती आणि 520 पौंड-फूटचं. 2019मध्ये रॅमच्या (डॉजचे पिकअप आता या नावानं विकले जातात) कमिन्सनं हजार पौंड-फूटचा आकडा गाठला.

मात्र त्याआधीच डिझेलचा साधेपणा संपला होता. धुराचे नियम कडक होत गेले. फोर्डनं 2003मध्ये आणलेल्या 6.0 लिटरच्या इंजिनात ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला धूर थंड करणारा भाग) आणि हेड गास्केटच्या तक्रारींचा पूर आला, आणि वॉरंटीच्या खर्चावरून फोर्ड आणि इंजिन बनवणारी नॅव्हिस्टार कोर्टात गेल्या. 2007पासून काजळी अडवणारा डीपीएफ आला, 2010च्या नियमांनी बहुतेकांच्या गळ्यात धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या युरियाची टाकीही बांधली. 2024च्या सुरुवातीला कमिन्सनं रॅम पिकअपमधल्या उत्सर्जन-फसवणुकीच्या आरोपांवर 167.5 कोटी डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं. भारतात बीएस-6नंतर डिझेल घेतलेल्यांना डीपीएफचा दिवा माहीत आहे. फिल्टरमधली काजळी जळायला भरपूर उष्णता लागते. ट्रेलर घेऊन तासन्‌तास हायवेवर धावणाऱ्या गाडीत ती आपोआप जळते. रिकामी गाडी रोज बाजार आणि शाळा एवढ्याच फेऱ्या मारत असेल तर फिल्टर तुंबत जातो. कधीमधी ट्रेलर ओढणाऱ्यानं डिझेल घेऊ नये, असं मी म्हणतो ते यासाठी. शिवाय 2004नंतर अमेरिकेत डिझेल बहुतांश काळ पेट्रोलपेक्षा महागच राहिलं आहे, त्यामुळे मायलेजमधली बचतही आटली.

2020मध्ये फोर्डनं 7.3 लिटरचं आणि जीएमनं 6.6 लिटरचं नवं पेट्रोल व्ही-8 आणलं. दोन्हींचा ब्लॉक बिडाचा, कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) जुन्या पद्धतीनं ब्लॉकमध्ये, टर्बो नाही. फोर्डचा टॉर्क 475 पौंड-फूट, म्हणजे 1989च्या त्या गाजलेल्या कमिन्सपेक्षा जास्त! ही रचना कुणी मागासलेली म्हणेल. मला तो शहाणपणाचा निर्णय वाटतो.

तुलना करणंही आता सोपं आहे. पूर्वी प्रत्येक कंपनी ओढण्याची क्षमता स्वतःच्या हिशेबानं छापायची. 2008मध्ये वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेचं जे2807 हे मानक आलं. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमपासूनचा 11.4 मैलांचा चढ प्रमाण धरला आहे: कडक उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, पूर्ण भारासकट, मागे साधी दोन चाकं असलेल्या पिकअपचा वेग ताशी 40 मैलांखाली जाता कामा नये. टोयोटानं ते आधी स्वीकारलं, बाकीचे काही वर्षांनी आले.

डिझेलची बाजू आजही भक्कम आहे ती उंच डोंगरात. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोतल्या आयझेनहॉवर बोगद्यापाशी, अकरा हजार फुटांवर, त्याची जवळपास एकतृतीयांश ताकद गेलेली असते. टर्बो डिझेलची ती बरीचशी टिकते. उतारावर तर फरक आणखी मोठा. पेट्रोल इंजिन थ्रॉटल (हवेची झडप) मिटल्यावर थोडंफार अडवतं. डिझेलला तसा थ्रॉटल नसल्यानं जुन्या गाड्यांत इंजिनाची रोक नावालाच होती, पण 2007च्या मध्यापासून रॅमच्या 6.7 कमिन्समध्ये टर्बोच्याच पात्यांनी एक्झॉस्ट कोंडणारा ब्रेक कारखान्यातूनच मिळू लागला. आठ-नऊ टन मागे घेऊन दर महिन्याला असा घाट उतरणाऱ्यानं दहा हजार डॉलर खुशाल मोजावेत. सपाट मुलखात वर्षातून चार वेळा ट्रेलर जोडणाऱ्यानं तेच पैसे टायर, ट्रेलरचे ब्रेक आणि पेट्रोल यांवर घालावेत.