सामूहिक कृती (मराठवाड्याच्या संदर्भात)

सामाईक हितासाठी अनेकांनी मिळून केलेले काम म्हणजे सामूहिक कृती. कामाचे फळ न झटणाऱ्यालाही मिळणार असेल तर झटायचे कोणी, हा तिच्यातला मूळ पेच. गट मोठा असेल तर हित एक असूनही माणसे आपोआप एकत्र येत नाहीत. येणाऱ्याला वेगळे काही मिळावे लागते किंवा न येणाऱ्यावर सक्ती असावी लागते, असे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये मांडले. एलिनॉर ऑस्ट्रॉम (अर्थशास्त्राचे नोबेल, २००९) यांनी जंगले, मासेमारी, पाटपाणी यांच्या अभ्यासातून दुसरी बाजू दाखवली. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, एकमेकांवर लक्ष ठेवले आणि चुकणाऱ्याला आधी हलका, मग कडक दंड केला, तर सामाईक साधने पिढ्यान्‌पिढ्या टिकतात.

सामाईक कामे का अडतात, असे विचारले की ‘लोकांत एकी नाही’ हे उत्तर मराठवाड्यात सर्रास ऐकू येते. ते फारसे टिकत नाही. जिथे पाणीपट्टी वर्षानुवर्षे थकलेली असते, त्याच गावात अखंड हरिनाम सप्ताहाची वर्गणी वेळेत जमते आणि पंगती घरोघर वाटून घेतलेल्या असतात. माणसे तीच, कामाची घडण वेगळी. सप्ताहात देणाऱ्याचे नाव लाउडस्पीकरवरून घेतले जाते, न देणारा सगळ्यांना ठाऊक असतो आणि आठवड्याभरात काम उरकते. पट्टी भरा न भरा, नळाच्या धारेत फरक पडत नाही.

शेतकामातली सावडही अशीच चाले. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. दिवस न फेडणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी बोलावत नसे. इर्जिकीत शेजारी आपापली औते घेऊन येत, घरधनी जेवण घाली. बैल कमी झाले, ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागला, तशी ती मागे पडली.

सर्वांत अवघड प्रकरण भूजलाचे. प्रदेशाचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. साठा थोडा, त्यात तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हद्द ठरत नाही आणि राखणही करता येत नाही. भावाभावांच्या सामाईक विहिरीवर हिस्सेदार मोजके असतात, पाळीचे दिवस ठरलेले असतात, मोटार कोणाची चालू आहे ते सगळ्यांना कळते. भांडणे होऊनही व्यवस्था चालते. विहीर आटू लागली की एक जण आपल्या वाटणीच्या रानात बोअर घेतो, मग दुसरा. आपण थांबलो तर वाचलेले पाणी शेजारच्या उसाला जाणार, हा त्याचा हिशेब चुकीचा नसतो. उसाला किमान दराची हमी आहे, तुरीला बाजारात तशी खात्री नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ खोल विहिरींना आळा घालू पाहतो. पण बांधावर उभे राहून बोअरची खोली मोजणार कोण?

कालव्यावर पेच वेगळा. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. मुखाशी असणाऱ्याला पाणी आधी मिळते, त्यामुळे नियम पाळण्याची गरज त्याला कमी आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला जास्त. शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना २००५ च्या कायद्याने अधिकार दिले. ही विषमता मात्र तशीच राहिली.

लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्याच २०१६ च्या उन्हाळ्यात अंबाजोगाई तालुक्यात पानी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा झाली. ठरावीक मुदत, गुण आणि शेजारच्या गावाशी चुरस यांमुळे माणसे टिकाव-फावडे घेऊन माळावर आली. चर एकत्र खणता येतात. मुरलेल्या पाण्यावर कोणते पीक घ्यायचे, हा निर्णय मात्र ज्याचा त्याचा असतो. शिवाय श्रमदानात भूमिहीनाचे हात राबतात आणि पाणी वाढते ते जमीनवाल्याच्या विहिरीचे. अशा वेळी घरी राहिलेल्या मजुराला आयतोबा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

भूमिहीन व अल्पभूधारकांची स्वतःची सामूहिक कृती बघायची तर बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या ‘कोयता बंद’कडे, म्हणजे तोडणीच्या संपाकडे, पाहावे लागते. तोडणीचा दर वाढला तर सगळ्यांचाच वाढतो, त्यामुळे फुटण्याचा मोह मोठा. त्यात अनेकांनी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. तरीही संप झाले आहेत. गव्हाणीत मोळी पडण्याआधीचे, म्हणजे गाळप सुरू होण्याआधीचे, थोडे दिवस कारखान्यांना घाई असते, आणि टोळ्या मुकादमामार्फत (मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदारामार्फत) एकदमच निघतात किंवा एकदमच थांबतात.