लाभार्थी साक्षीदार

मृत्युपत्राने ज्याला मिळकत मिळणार आहे, त्यानेच त्यावर साक्षीदार म्हणून केलेली सही. अशी सही असली की सगळे मृत्युपत्रच बाद होते, असे नाशिकमध्ये कोर्टाच्या आवारातही ऐकू येते. ते खरे नाही.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना प्रत्येकाने पाहिलेले असावे, नाहीतर ‘ही सही माझीच’ असे त्याने त्यांना स्वतः सांगितलेले असावे. साक्षीदाराची सही मात्र मृत्युपत्र करणाऱ्यासमोरच व्हावी लागते. कलम ६७ नुसार साक्षीदाराला, त्याच्या पतीला किंवा पत्नीला जे दिले असेल तेवढेच रद्द होते. बाकी मृत्युपत्र टिकते.

खरी गंमत पुढे आहे. हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्या मृत्युपत्रांना कोणती कलमे लागू, याची यादी अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि तिच्यात ६७ नाही. निफाडच्या हिंदू बागायतदाराने स्वकष्टार्जित दोन एकर द्राक्षबाग धाकट्याला लिहून दिली आणि साक्षीला धाकट्या सुनेची सही घेतली, तरी तेवढ्यावरून बाग जात नाही. शरणपूरच्या ख्रिस्ती किंवा देवळालीच्या पारशी घरात मात्र घर मुलीला आणि साक्षीला जावई असेल, तर मृत्युपत्र उभे राहते, पण मुलीला दिलेले घर त्यातून निसटते. उरलेल्या मिळकतीचा धनी मृत्युपत्रात नेमलेला नसेल, तर ते सगळ्या वारसांत वाटले जाते. मुलीला मिळतो तो फक्त वारस म्हणून वाटा. मुस्लिमांना अधिनियमातला मृत्युपत्रांचा हा भाग लागू नाही. त्यांचे मृत्युपत्र तोंडीही चालते.

निफाडची सून कायद्याने सुटली, तरी पुराव्यात अडकू शकते. थोरल्याने फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या नावबदलाला, हरकत घेतली आणि वाद दिवाणी न्यायालयात गेला, की भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ प्रमाणे हयात साक्षीदारांपैकी एकाला तरी पिंजऱ्यात यावे लागते. (त्या अधिनियमातही हे कलम ६७च, निव्वळ योगायोग.) उलटतपासणीत कागद कुणी आणला, सासऱ्यांना वाचून कुणी दाखवला, हेच विचारले जाते. लाभ घेणाऱ्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती ठरते आणि संशय त्यानेच फेडायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध तिम्मजम्मा खटल्यात सांगितले आहे. दुय्यम निबंधकाकडची नोंदणी ऐच्छिक आहे. ती केल्यानेही हा संशय आपोआप मिटत नाही. म्हणून वकील शेजारचा, मिळकतीशी संबंध नसलेला आणि करणाऱ्यापेक्षा वयाने लहान साक्षीदार शोधायला सांगतात.